बेलाकपंतांचं इमान

पुण्यात ऑक्टोबरचं ऊन भाजू लागलं, गाद्या-उशा गच्चीवर पडल्या, की माझा फोन मला दोन आकाशं दाखवतो. एक इथलं, निळं आणि कोरडं. दुसरं कुंभकोणमचं, काळं, छपरांपर्यंत उतरलेलं. 'संपला एकदाचा पाऊस,' असं शेजारच्या बाई दोरीवर चादर टाकत म्हणतात. मी हो म्हणते. मनात म्हणते, संपला कसला, माझ्या माहेरी गेला.

तिकडे हा ऐप्पसी, तमिळ पंचांगातला पावसाचा महिना. कावेरीला मातीचा रंग येतो. भाताची रोपं नुकती उभी राहिलेली असतात, ती पाण्यात बुडून नुसती शेंडे दाखवतात. केळीची पानं वाऱ्यानं फाटून झालर होतात आणि घरात वाळत घातलेल्या धोतरांना कुबट वास सुटतो. लहानपणी मला हा पाऊस आवडायचा, शाळेला सुट्टी मिळायची. आता ते ढग दिसले की मी आधी माहेरी फोन लावते. काही वर्षांपूर्वीचा एक पाऊस त्याला कारण आहे.

त्या वर्षी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आई गुडघ्यांनी बेजार. माझ्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती, म्हणून लॅपटॉप घेऊन मी तो सगळा पावसाळा माहेरी काढला. अण्णांच्या डोळ्यात थेंब घालायचे, आणि त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून वाचून दाखवायचं. वर्तमानपत्राला ते लवकरच कंटाळले. एका दुपारी त्यांनी माझ्या मांडीवरचं जाडजूड पुस्तक हातानं चाचपलं.

"हे काय वाचत्येस गे?"

"राजाराणीचं आहे अण्णा, इंग्रजी. खोटं राज्य, खोटा इतिहास. मोठी मालिका आहे, शेवटचा भाग अजून यायचाय."

"खोटं राज्य म्हणटल्यावर खरं लिहिलं असेल. वाच."

मग मी इंग्रजी वाक्य मनात वाचायची आणि आमच्या घरच्या मराठीत मोठ्यानं सांगायची. आमचं घराणं तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आलेलं. कुणाच्या पदरी होतं, काय काम करत होतं, ते आता कुणालाच ठाऊक नाही, पण बोली उरली. माझ्या सासूबाईंना ती बखरीतून उठून आल्यासारखी वाटते. त्या पुस्तकाला मात्र ती बोली अशी बसली, की जणू त्याच्यासाठीच एवढी शतकं जपून ठेवलेली. मी षड्यंत्र म्हटलं की अण्णा म्हणायचे, "खलबत म्हण." गुप्तहेर म्हटलं की, "जासूद." राजद्रोहाला त्यांचा शब्द होता फितूर. तो उच्चारताना त्यांचा ओठ किंचित वाकडा व्हायचा.

गोष्ट अशी होती. ओस्मेर नावाचा एक म्हातारा राजा. लढाया जिंकलेला, शब्दाला जागणारा, आणि आता विसरायला लागलेला. हे फक्त त्याच्या प्रधानाला, बेलाकला, ठाऊक. दरबार भरला की बेलाक सिंहासनाच्या मागं उभा राहायचा आणि समोर येणाऱ्या सरदाराचं नाव राजाच्या कानात हळूच पोचवायचा. राजा नाव घेऊन हाक मारायचा, सरदार भरून पावायचा. राणीला बेलाकचा संशय, राजपुत्राला संशय, सेनापती तर तलवार परजूनच बसलेला. सगळ्यांचं म्हणणं, यानं राजाला मुठीत ठेवलंय.

माझंही तेच म्हणणं होतं. इंटरनेटवर या मालिकेच्या वाचकांचा एक मोठा गट आहे, तिथं जगभरची माणसं बेलाकवरून भांडायची आणि बहुतेकांच्या लेखी तो सत्तेचा भुकेला लबाड होता. मी अण्णांना तसं सांगितलं. ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, डोळ्यावर ऑपरेशननंतरचं हिरवं झाकण.

"बेलाकपंतांना राज्य नोको आहे गे," ते म्हणाले. प्रधान म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला पंत करून टाकलं होतं. "त्यांना राजा पायजे."

"कशावरून?"

"ते मागं उभे राहतात. ज्याला राज्य पायजे तो बाजूला उभा राहतो, असकी बघतील असा." असकी म्हणजे आमच्यात सगळे.

मी हसले. ते हसले नाहीत. उलट त्या दुपारी त्यांनी तो नाव कुजबुजण्याचा प्रसंग मला पुन्हा वाचायला लावला, आणि वाचत असताना मी पाहिलं, त्यांच्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेली होती.

आमची गल्ली नदीवर उतरते. गल्लीच्या तोंडाशी डांबरी रस्ता, स्वामीमलैच्या बसचा थांबा. दुसऱ्या टोकाला घाटाच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या अलीकडे विठोबाचा मठ. मठ लहान, लाल गुळगुळीत जमिनीचा. तिथं दर एकादशीला भजन होतं आणि गल्लीतली तमिळ घरंसुद्धा येऊन मराठी पदं म्हणतात, अर्थ कळो न कळो. मठाच्या गादीवर तेव्हा रामूबावा होते. उंच, ताठ, आवाज असा की खांबाला पाठ टेकून बसलं तर तो पाठीतून आत यायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मठातच एकटे राहायचे. जेवण शेजारच्या घरून, त्यांचा पुतण्या केशव याच्याकडून, यायचं. अण्णा त्यांचे लहानपणापासूनचे मित्र आणि भजनातले साथीदार. गादीच्या डावीकडे, थोडं मागं, हातात टाळ घेऊन अण्णा बसायचे. ती जागा दुसऱ्या कुणाची नव्हती.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी धूळ, धूर, गर्दी सगळं वर्ज्य केलं होतं. तरी अण्णा रोज पहाटे छत्री घेऊन मठाकडे निघायचे, बावांना नदीवर आंघोळीला सोबत म्हणून. आई ओरडायची, मी ओरडायची. "सेरी, सेरी," बरं बरं, म्हणायचे आणि निघायचे. एकादशी आली तेव्हा काळा चष्मा लावून त्यांनी भजनाला जायचंच म्हटलं. मी हात धरून घेऊन गेले.

बाहेर पाऊस सरळ धारेनं कोसळत होता. आत उदबत्तीचा धूर, ओल्या कपड्यांचा वास. बावांनी पद लावलं. आमच्याकडे रीत अशी की बावा ओळ म्हणतात, मग सगळे ती उचलतात. बावांच्या आधी कुणी तोंड उघडत नाही. मी खांबाला पाठ टेकून बसले होते आणि सुखानं ऐकत होते, तेवढ्यात काहीतरी टोचलं. पुन्हा कान दिला. प्रत्येक ओळीच्या आधी, बावा श्वास घेतात तेवढ्या फटीत, अण्णांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडत होतं. नुसतं पहिलं अक्षर, टाळांच्या आवाजात गुंडाळलेलं. मग बावा ओळ उचलत होते.

मी अण्णांकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, पण गळ्याची शीर ताठ होती. एकदा त्यांना खोकला आला आणि ते अक्षर निसटलं. बावा थांबले. एका क्षणात सगळा मठ थांबला. बावांनी डोळे मिटून मान मागं टाकली, भाव अनावर झाल्यासारखी, आणि बायकांनी हात जोडले. अण्णांनी टाळ जोरात वाजवून अक्षर दिलं. बावा पुन्हा सुरू झाले. समोर बसलेला केशव तेवढा हात न जोडता टक लावून बघत होता.

परत येताना मी छत्रीखाली विचारलं, "अण्णा, बावांना काय झालंय?"

"वाटेवर बोलूं नोको."

घरी आल्यावर त्यांनी आईलाही आत पाठवलं. मग सांगितलं. गेल्या वर्षापासून बावांची आठवण सुटत चालली होती. आधी दिवस, मग माणसांची नावं, आता पदं. बावांनी अण्णांचा हात धरून विठोबाच्या पायांवर ठेवला होता आणि शब्द घेतला होता, की हे कुणाला कळता कामा नये. विशेषतः केशवला.

"केशवला का नाही? घरचाच आहे."

"केशवाला गादी पायजे. बावा म्हणतात, त्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी मला हार घालून कोपऱ्यात बसवेल."

केशवचं मोठ्या रस्त्यावर रेशमी साड्यांचं दुकान. त्यानं मठात लाउडस्पीकर आणला होता, भजन फोनवरून जगभर दाखवायची त्याची इच्छा होती. बावांनी दोन्ही गोष्टी धुडकावल्या होत्या. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की तो वाट बघतोय.

"मग तुम्ही असंच करत राहणार? किती दिवस?"

अण्णा म्हणाले, "तू वाच पुढं. बेलाकपंत काय करतात बघूं."

त्या दिवसापासून आमचं वाचन साधं राहिलं नाही. पावसात वीज जायची, मी खिडकीशी सरकून वाचायची, आणि प्रत्येक पानावर मला वाटायचं की आपण पुस्तक वाचत नाही, हळूहळू आपल्याच गल्लीत उतरतोय. अण्णा बेलाकची एकेक चाल तपासायचे. राणीच्या दासीला लांब का पाठवलं? राजवैद्याला खोटं का सांगितलं? "इथं चुकले पंत," म्हणायचे, किंवा "हां, असं पायजे." मी वाद घालायची. म्हणायची, इमान राजाशी की राज्याशी? राजानं चुकीचा हुकूम दिला तर? उद्या शत्रू दाराशी आला आणि राजाला तलवार कुठं ठेवली तेच आठवलं नाही तर? आणि हे सगळं बोलताना मला वाटायचं, किती सोपं आहे हे. वाचकाला सगळ्या खोल्यांची दारं उघडी असतात. राणी काय बोलली ते त्याला कळतं, सेनापतीच्या मनात काय ते कळतं. बेलाकला फक्त एक बंद दार असतं आणि त्याच्या मागं म्हातारा राजा.

"तू पुस्तक वाचत्येस," अण्णा एकदा म्हणाले. "मी मठात बसतों."

केशव दर दोन-तीन दिवसांनी घरी यायचा, अण्णांच्या डोळ्याची चौकशी करायला. कधी केळी आणायचा, कधी ताजी कॉफी पूड. ओट्यावर पाय पुसत पुसत बसायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचा.

"अण्णा, बावांनी त्या दिवशी एकच पद दोनदा म्हटलं."

"गोड होतं म्हणून."

"मला त्यांनी माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली."

"तू दिसतोस तसाच, काय करायचं."

केशव कॉफीचा टंबलर डबऱ्यात, खालच्या पसरट वाटीत, उलटा-सुलटा करत राहायचा. अण्णांचा चेहरा दगडासारखा. मी आतल्या दाराशी उभी राहून दोघांना बघायची. एकदा त्यानं माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं, मुखपृष्ठावर मुकुट होता. "यात शेवटी गादी कुणाला मिळते?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, अजून आलं नाही ते. तो हसला नाही. उठून गेला.

पहाटेची सोबत आता मी करायची, असं ठरलं. अण्णांच्या डोळ्याला पावसाचं पाणी लागू द्यायचं नव्हतं. मी कळशी घेऊन घाटावर जायची, पाणी भरायचं निमित्त. बावा पायऱ्या उतरायचे, मी दोन पायऱ्या मागं. नदी रोज वर चढत होती. आधी दिसणाऱ्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, काठाच्या चिंचेचा बुंधा ओला झाला होता, आणि पाण्यातून झाडाच्या फांद्या, चपला, एकदा तर अख्खं केळीचं झाड गोल फिरत गेलं. बावा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून अर्घ्य द्यायचे. मी त्यांच्या धोतराच्या काठावर डोळा ठेवून उभी राहायची.

एका सकाळी ते आंघोळ करून वर आले आणि माझ्याकडे बघून थांबले.

"इंदू, माझ्या चिपळ्या कोठ ठेवल्यास?"

इंदू त्यांची बायको. मी कळशी खाली ठेवली. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत काहीतरी परतलं. चेहरा कठीण झाला.

"तू रघूची मुलगी," ते म्हणाले. "त्यानं तुला सांगितलं."

"त्यांनी नाही सांगितलं बावा. मला भजनात कळलं."

"मग तूही शब्द दे."

पाऊस आमच्या दोघांवर पडत होता. मी मान हलवली, नाही म्हणून. एवढ्या मोठ्या माणसाला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. ते चिडतील असं वाटलं, पण ते पायरीवर बसले.

"ऐक. विसरलेला बावा म्हणून कळला की लोक पद ऐकणार नाहीत. मी कोठ चुकतों ते ऐकतील. माझ्या तोंडाकडे बघत बसतील. विठोबाकडे कोण बघणार?"

मी कळशी उचलली आणि त्यांना उठायला हात दिला.

कार्तिक लागला तशी आम्ही तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे आलो. मला पुढं काय होतं ते ठाऊक होतं, मी आधीच वाचलं होतं, म्हणून मी मुद्दाम रेंगाळत होते. अण्णांनी ओळखलं. "काय आहे त्यात? वाच." मी वाचलं. सीमेवर फौजा जमलेल्या असतात. राजा ओस्मेर स्वतः सैन्य घेऊन निघायचा हुकूम देतो, अशा वाटेनं, जी वाट वीस वर्षांपूर्वी दरड कोसळून बंद झालेली आहे. भरल्या दरबारात बेलाक सिंहासनाच्या मागून पुढं येतो, पायऱ्या उतरतो, आणि सगळ्यांसमोर म्हणतो, राजाला आता आठवत नाही. राजा त्याला फितूर म्हणतो, हद्दपार करतो. बेलाक एक शब्द न बोलता तलवार ठेवून चालता होतो. तिथं भाग संपतो.

वाचकांच्या गटात यावर रणं माजली होती. अर्धे म्हणत, शेवटी घात केलाच. मी आता दुसऱ्या बाजूची होते. अण्णांना म्हटलं, "बघा, हेच खरं इमान. हजारो माणसं वाचली."

छपरावरून पाणी अंगणातल्या पितळी हंड्यात पडत होतं.

"राजाला कळलं का, त्यांनी का केलं ते?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही."

"पंतांनी सांगितलं पण नाही?"

"नाही."

"हां," ते म्हणाले, आणि खुर्चीतून उठून भिंतीला धरत धरत आत गेले. त्या रात्री जेवले नाहीत, म्हणाले डोळा दुखतोय.

त्यानंतरच्या एकादशीची ती सकाळ. रात्रभर मुसळधार कोसळला होता. शाळांना सुट्टी जाहीर झाली होती, नदीकाठच्यांनी सावध राहावं म्हणून दवंडीची गाडी गल्लीतून फिरून गेली होती. आज बावांना घाटावर जाऊच द्यायचं नाही, असं ठरवून मी आणि अण्णा दोघंही नेहमीपेक्षा लवकर निघालो. उजाडत होतं. मठाचं दार सताड उघडं. आत समई विझलेली. लाल जमिनीवर वाऱ्यानं आत आलेली चिंचेची पानं चिकटलेली. बावा नव्हते.

आम्ही घाटाकडे पळालो. पायऱ्या उरल्याच नव्हत्या. वरच्या कट्ट्याला लागून तांबडं पाणी घों घों करत चाललं होतं, आणि कट्ट्यावर, पाण्यापासून हातभर अंतरावर, बावांचं उपरणं पडलं होतं. ओलंचिंब.

अण्णा त्या उपरण्याकडे बघत उभे राहिले. डोळ्यावरचं झाकण पावसानं लोंबकळत होतं. मग ते गल्लीकडे वळले आणि ओरडले. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. आणि ते मराठीत ओरडले नाहीत. घराबाहेरची आमची भाषा तमिळ, तिच्यात ओरडले, गल्लीतल्या प्रत्येक दाराला कळेल असं.

"केशवा! अवरुक्कु ञाबगम् इल्लै! ओडि वा, केशवा!" म्हणजे, बावांना काही आठवत नाही रे, धाव.

दारं उघडली. माणसं छत्र्या न घेता बाहेर आली. केशव लुंगी सावरत पळत आला, उपरणं पाहिलं, आणि सरळ पाण्यात उतरायला निघाला. दोघांनी त्याला धरलं. कुणी दोर आणला, कुणी खालच्या बंधाऱ्याकडे सायकल काढली. मी कट्ट्यावर बसून पाण्याकडे बघत होते आणि काहीच दिसत नव्हतं. तो वेळ किती होता, मला सांगता येणार नाही.

मग गल्लीच्या दुसऱ्या तोंडाकडून, रस्त्याकडून, हाक आली. बावा बसथांब्यावर होते. छपराखाली बाकावर, फुलवालीच्या शेजारी, नीट मांडी घालून बसलेले. स्वामीमलैला जायचंय म्हणत होते. तिथल्या ओतकाम करणाऱ्याकडून विठोबाची नवी समई आणायचीय म्हणे, जी मी जन्मायच्या आधीच आलेली होती. दोन बसचालकांना त्यांनी थांबवून विचारलं होतं, आणि उपरण्याशिवाय भिजलेल्या म्हाताऱ्याला कुणी चढू दिलं नव्हतं. फुलवालीनं त्यांच्या खांद्यावर स्वतःचा टॉवेल टाकला होता.

केशवनं त्यांना स्कूटरवर मागं बसवून आणलं. ते ताठ बसले होते. मठापाशी उतरले, गर्दी पाहिली, तिच्यातल्या प्रत्येकाचा चेहरा पाहिला. त्या क्षणी त्यांना सगळं लख्ख कळत होतं. ते मला दिसलं, आणि तेच सर्वांत भयंकर होतं. ते अण्णांसमोर येऊन उभे राहिले.

"रघू," ते म्हणाले. "तू फितूर झालास."

अण्णांनी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बावांनी पाय मागं घेतला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं, इतक्या जोरात की पुढं दोन दिवस वळ होता. बावा आत गेले.

केशव तिथंच उभा होता, चिखलानं माखलेला. "मला ठाऊक होतं अण्णा," तो म्हणाला. "उन्हाळ्यापासून. तुम्ही पहाटे त्यांना नेत होतात, मी खिडकीतून बघत होतों. ही यायला लागली तेव्हापासून मी मागून येत होतों, चिंचेआड. आज पावसात दार वाजलेलं ऐकलं नाही."

"मग बोलला का नाहीस?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून. घरी येऊन येऊन विचारत नव्हतों काय?" त्याचा आवाज फाटला. "तुम्हाला वाटलं मला गादी पायजे. पायजे, खोटं कशाला बोलूं? पण अशी नोको."

संध्याकाळी भजन झालं. बावांचा हट्ट होता. फक्त एक हुकूम होता, रघूनं आत यायचं नाही. डावीकडच्या जागेवर केशव बसला. अण्णा बाहेर ओट्यावर, पागोळ्यांच्या आड. पहिल्या पदाला बावा अडखळले आणि त्यांना ज्याची भीती होती तेच झालं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी शरमेनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी केशव आमच्याकडे आला, हातात काही न आणता, आणि अण्णांसमोर जमिनीवर बसला. "शिकवा," म्हणाला. अण्णांनी त्याला ते अक्षर शिकवलं. कधी द्यायचं, किती हळू द्यायचं, बावांची छाती कुठल्या पदाला कुठं भरते. ताल मांडीवर धरून रोज दुपारी. आमचं वाचन बंद झालं, पण मी तिथंच बसून काम करायची आणि ऐकायची. केशव आधी मोठ्यानं द्यायचा. "इतकं नोको," अण्णा म्हणायचे, "त्यांना वाटलं पायजे की त्यांनाच आठवलं."

मार्गळीत, डिसेंबर सरता सरता, पाऊस ओसरला आणि मी पुण्याला परतले. निघायच्या आधीच्या एकादशीला मी पुन्हा त्या खांबाला टेकून बसले होते. केशवचं अक्षर ऐकू येतंय का म्हणून कान देत होते. आलं. पण एकट्याचं नव्हतं. समोरच्या म्हाताऱ्या, मृदंगवाला, मागच्या रांगेतली तमिळ मास्तरीणबाई, सगळ्यांच्या ओठांतून तेच एक अक्षर, श्वासाएवढं, ओळीच्या आधी निघत होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बावा ते उचलून गात होते, डोळे मिटून. बाहेर ओट्यावर अण्णा टाळांशिवाय बसले होते.

गेल्या वर्षी त्या मालिकेचा शेवटचा भाग आला. त्यात राजा ओस्मेर मरताना बेलाकला बोलावून घेतो, त्याचा हात धरतो, तुझं इमान मला कळलं म्हणतो. वाचकांच्या गटात अश्रूंचा पूर. मी फोनवर अण्णांना तो प्रसंग वाचून दाखवला.

"लिहिणाऱ्याला बरं वाटावं म्हणून लिहिलंय," ते म्हणाले. "राजाला कळलं तर मग अवघड काय राहिलं?"

बावा आता अंथरुणाला आहेत. गातही नाहीत. केशव गादीवर आहे, चांगला आहे, लाउडस्पीकरचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. बावांचं सगळं तोच करतो, भरवण्यापासून, पण बावा त्याला ओळखत नाहीत. इंदूचं नाव गेलं, स्वतःचं नाव गेलं. विठोबाची मूर्ती समोर धरली तरी नुसते बघत राहतात. अण्णा मात्र रोज संध्याकाळी जातात. आतल्या खोलीच्या दाराशी उभे राहतात. बावा त्यांच्याकडे बघतात, कपाळाला आठी पडते, आणि ते भिंतीकडे तोंड फिरवतात. डॉक्टर म्हणाले, प्रसंग पुसला जातो, राग मागं राहतो.

यंदा ऐप्पसीत मी गेले होते तेव्हा आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना आता जाऊ देऊ नकोस, रोज अपमान करून घेतात. संध्याकाळी अण्णा मठातून आले. पायरीवर पाय धुतले. मी म्हटलं, "कशाला जाता अण्णा? त्यांना त्रास, तुम्हाला त्रास."

त्यांनी पंच्यानं पाय पुसले, नीट, बोटांच्या बेचक्यांसकट.

"अख्ख्या कुंभकोणमात ते कुणाला ओळखत नाहीत गे," ते म्हणाले. "मला ओळखतात. आज पण ओळखलं."